दुधाचा पगार अडला कुठे? एका नॅट व्हीएमचं प्रकरण

नॅट व्हीएम म्हणजे क्लाउडमधलं एक भाड्याचं (व्हर्च्युअल) मशीन, ज्यातून आतली बाकीची मशीन एकाच पत्त्यावरून इंटरनेटवर जातात. क्लायंटचं नाव, गावं, बँक, एसएमएसवाली कंपनी, काहीच लिहीत नाहीये. आकडे गोल केलेत. बाकी जे घडलं ते असंच घडलं, आणि त्यात चुका आमच्याच जास्त होत्या हे आधीच सांगून टाकतो.

पार्श्वभूमी

क्लायंटचं सॉफ्टवेअर दूध संकलन केंद्रांसाठी आहे. गावातल्या डेअरीत सकाळ-संध्याकाळ शेतकरी दूध घालतो, मशीन फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकी घन भाग) मोजतं, लिटर आणि दर लागतो, आणि शेतकऱ्याच्या मोबाईलवर मेसेज जातो की आज इतकं दूध, इतकी फॅट, इतके पैसे. साधारण २,४०० केंद्रं आणि केंद्रामागे सरासरी ८० शेतकरी, म्हणजे एका वेळेला १,९०,००० च्या आसपास मेसेज. केंद्रातला माणूस शिफ्ट क्लोज करतो तेव्हा सगळा डेटा एकदम वर येतो, त्यामुळे मेसेज दिवसभर पसरून जात नाहीत, सकाळी साडेआठ ते नऊच्या दरम्यान धाडकन येऊन पडतात.

दर दहा दिवसांनी दुधाचा पगार. १, ११ आणि २१ तारीख. त्या दिवशी दुसरा मेसेज पण जातो, पगार जमा झाल्याचा, प्रत्येक शेतकऱ्याची बिलाची पीडीएफ तयार होते, आणि बँकेच्या एपीआयला (सॉफ्टवेअरने सॉफ्टवेअरशी बोलायची सोय) पेमेंटच्या बॅचेस जातात.

हे सगळं एडब्ल्यूएसच्या, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडच्या, मुंबई रिजनमध्ये. प्रायव्हेट सबनेटमध्ये (इंटरनेटवरून थेट न दिसणाऱ्या आतल्या नेटवर्कमध्ये) वेब आणि एपीआयचे व्हीएम, डेटाबेस, आणि मेसेज पाठवणारे वर्कर व्हीएम जे ऑटोस्केलिंगमध्ये होते, म्हणजे काम वाढलं की आपोआप वाढणारे. प्रायव्हेट सबनेटमधल्या मशीनला बाहेर जायचं तर नॅट लागतं, आणि ते काम एका टी३ मीडियम लिनक्स व्हीएमवर आयपीटेबल्सचा मास्करेड नियम (आतल्या मशीनचा पत्ता झाकून स्वतःचा लावायचा) टाकून चालू होतं. चार वर्षांपूर्वी कोणीतरी लावलं होतं. कोणीतरी म्हणजे मीच 😅. तेव्हा केंद्रं १५० होती, आणि मॅनेज्ड नॅट गेटवेला (एडब्ल्यूएस स्वतः चालवतं ती नॅटची सोय) तासाचे पैसे वेगळे, वर दर जीबीमागे वेगळे, त्यापेक्षा हा छोटा व्हीएम स्वस्त पडत होता. बँकेला परवानगीच्या यादीत टाकायला (व्हाइटलिस्ट) एक ठराविक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, द्यायचा होता, तो याच व्हीएमचा इलॅस्टिक (कायम राहणारा) आयपी दिला. एसएमएसवाल्यांना पण तोच दिला. झालं, चार वर्षं त्या मशीनकडे कोणी वळून बघितलं नाही.

अडचण

दिवाळीच्या आधीचा पगार होता. डेअऱ्यांमध्ये दिवाळीला दूध दर फरकाचे पैसे पण निघतात, म्हणजे रक्कम मोठी आणि वाट बघणारी माणसं जास्त. आदल्या आठवड्यात क्लायंटने सांगितलं होतं की यावेळी मेसेज लवकर गेले पाहिजेत, मागच्या वेळी उशीर झाला. म्हणून आम्ही ऑटोस्केलिंगची वरची मर्यादा ६ वर्करवरून १६ केली. रांग लांबली की वर्कर वाढतील, सोपं. कोणी विचारलं नाही की वर्कर वाढले तर पुढे काय काय वाढतं.

सकाळी पावणेनऊला मेसेज सुटायला लागले, दहाएक मिनिटं व्यवस्थित, मग वेग पडला. नऊ पाच झाले तेव्हा निम्मे मेसेज कनेक्शन टाइमआउट. फेल झालेला मेसेज परत रांगेत, रांग लांबली की नवीन वर्कर, नवीन वर्कर आला की अजून कनेक्शनं, अजून टाइमआउट. सोळाच्या सोळा वर्कर चालू आणि मेसेज जवळपास शून्य. साडेनऊला क्लायंटच्या अकाउंट्सवाल्यांनी पेमेंट सोडलं तर बँकेचा एपीआय पण टाइमआउट.

पहिला फोन आला तो क्लायंटच्या अकाउंट्समधल्या मॅडमचा. "सर, निम्म्या बॅचेस पेंडिंग दाखवतायत, गेल्यात का नाही गेल्यात? केंद्रावर लोक येऊन बसलेत, पगार कुठंय म्हणून."

आम्ही काय बघितलं, आणि काय बघायचं राहिलं

पहिला संशय एसएमएसवाल्यांवर. त्यांना फोन केला, ते म्हणाले आमच्याकडे तुमच्या रिक्वेस्टच कमी येतायत. दुसरा संशय बँकेवर, कारण बँकेवर संशय घेणं सगळ्यात सोपं असतं. पण दोन वेगळ्या कंपन्या एकाच वेळेला बंद पडत नाहीत, आणि हे आमच्या लक्षात यायला वीस मिनिटं गेली याची मला अजून लाज वाटते.

मग नॅट व्हीएमचा ग्राफ उघडला. सीपीयू १२ टक्के. मेमरी रिकामी. तिथेच आम्ही पुन्हा फसलो, म्हटलं हे मशीन निवांत आहे. व्हीपीसी फ्लो लॉग (नेटवर्कमधल्या ये-जाची नोंद) काढले तर सगळीकडे ॲक्सेप्ट. आता हे नीट समजून घ्या कारण इथे बरेच जण अडकतात. फ्लो लॉग एवढंच सांगतो की सिक्युरिटी ग्रुप आणि नेटवर्क एसीएलने (एडब्ल्यूएसच्या दोन फायरवॉलनी) पॅकेट आत सोडलं. आत गेल्यावर व्हीएमच्या कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) ते पॅकेट कचऱ्यात टाकलं तर त्याला त्याचा पत्ताच नसतो. म्हणजे वॉचमन म्हणतोय पाहुणे वर गेले, आणि पाहुणे लिफ्टमध्ये अडकलेत.

शेवटी आमच्या टीममधला सगळ्यात नवीन पोरगा, त्याला नोकरीला लागून आठ महिने झाले होते, तो म्हणाला, "सर, मी नॅटवर लॉगिन करून डीमेसेज बघू का?" डीमेसेज म्हणजे कर्नलने लिहिलेले संदेश. बघितलं. स्क्रीनभर एकच ओळ: एनएफ कॉनट्रॅक, टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट.

नॅट करणाऱ्या लिनक्सला प्रत्येक कनेक्शन लक्षात ठेवावं लागतं, आतला कोण, बाहेरचा कोण, कुठला पोर्ट (कनेक्शन ओळखायचा नंबर) कोणाला दिला. ती वही म्हणजे कॉनट्रॅक टेबल. आमच्या ४ जीबीच्या मशीनवर त्या वहीत ६५,५३६ नोंदी बसत होत्या, तेवढा डीफॉल्ट. वही भरली की नवीन कनेक्शन कोणाचंही असो, मेसेजचं असो नाहीतर बँकेचं, सरळ टाकून देतात. सीपीयूला त्यात काहीच कष्ट नसतात, उलट काम न केल्याने तो आरामात असतो. म्हणून १२ टक्के.

समोर असलेले पर्याय

वेळ दहा वाजायला आलेले. कॉलवर पाच जण आणि पाच मतं.

पहिलं, कॉनट्रॅकची मर्यादा वाढवा. एक कमांड, रीस्टार्ट नाही, मेमरी भरपूर पडलेली. याला कोणाचा विरोध नव्हता.

दुसरं, व्हीएम मोठा करा. त्यासाठी मशीन बंद करून चालू करावं लागणार, म्हणजे उरलीसुरली चालू कनेक्शनं पण तुटणार. पगाराच्या मध्यात हे नको असं मी म्हटलं.

तिसरं, आमच्या सीनियर आर्किटेक्टचं, की हा व्हीएमचा खेळ बंद करा आणि आत्ताच्या आत्ता मॅनेज्ड नॅट गेटवे लावा. ऐकायला बरोबर. पण बँकेकडे आपला आयपी नोंदलेला आहे, तो इलॅस्टिक आयपी व्हीएमवरून काढून गेटवेला लावायचा म्हणजे मधल्या काळात सगळंच बंद, आणि काही चुकलं तर परत फिरायचा रस्ता कोणी आधी तपासलेला नाही. शिवाय नॅट गेटवेला पण मर्यादा आहे, एका आयपीवरून एका ठिकाणी एकाच वेळी ५५,००० कनेक्शन. मशीन बदललं तरी भिंत तिथेच, थोडी पुढे-मागे.

चौथं, वर्कर कमी करा. हे सगळ्यात शेवटी आलं, आणि तेही भीतभीत, कारण क्लायंटने जोरात पाठवा सांगितलेलं आणि आम्ही हळू पाठवा म्हणतोय असं दिसणार.

काय केलं, आणि पहिला उपाय का पुरला नाही

पेमेंटचं आधी सांगतो. दहा वाजून दहा मिनिटांनी आम्ही बँकेच्या बॅचेसचा आपोआप रीट्राय बंद केला. यावर कॉलवर भांडण झालं. एकाचं म्हणणं, नेटवर्क सुधारलं की आपोआप जातील, हात कशाला लावायचा. माझं म्हणणं, टाइमआउट म्हणजे फेल नव्हे. रिक्वेस्ट पोचली आणि उत्तर परत आलं नाही असंही असू शकतं, आणि शेतकऱ्याच्या खात्यात दोनदा पगार गेला तर तो परत मागायला कोण जाणार गावात? रीट्राय बंद करून प्रत्येक पेंडिंग बॅचचा रेफरन्स नंबर बँकेच्या स्टेटस एपीआयवर तपासला. एक बॅच खरंच बँकेत पोचलेली निघाली. बँकेने डुप्लिकेट नाकारलीही असती कदाचित, पण त्या भरवशावर राहिलो नाही हे बरंच झालं.

कॉनट्रॅकची मर्यादा २,६२,१४४ केली. डीमेसेजमधली ओळ थांबली, बँकेची कनेक्शनं लगेच लागायला लागली, आम्ही चहा मागवला. चहा यायच्या आत कळलं की मेसेज अजून फेलच होतायत.

आता वहीत जागा होती, मग अडलं कुठे? पोर्टवर. नॅटच्या मागून कितीही मशीन गेली तरी बाहेर एकच आयपी दिसतो, आणि एसएमएसवाल्यांचा सर्व्हर पण एकच आयपी आणि एकच पोर्ट, ४४३. दोन्ही टोकं पक्की असली की वेगळेपणा उरतो तो फक्त आपल्या बाजूच्या पोर्ट नंबरात, आणि वापरायला मिळतात १०२४ ते ६५५३५, म्हणजे ६४,५१२. वर्करचा कोड प्रत्येक मेसेजला नवीन कनेक्शन उघडून बंद करत होता. एका वर्करमध्ये दहा थ्रेड, एका मेसेजला पाव सेकंद, म्हणजे एक वर्कर सेकंदाला ४० कनेक्शन. सोळा वर्कर, ६४० कनेक्शन. आणि कनेक्शन बंद झालं तरी कॉनट्रॅक त्याची नोंद टाइम-वेटमध्ये (बंद झाल्यावरच्या थांबायच्या अवस्थेत) १२० सेकंद ठेवतो. ६४० गुणिले १२०, म्हणजे ७६,८००. उपलब्ध ६४,५१२. हे गणित त्या पोराने कागदावर मांडलं आणि कॉलवर दोन मिनिटं कोणी काही बोललं नाही.

नेहमीच्या दिवशी तीन वर्कर असायचे, १२० गुणिले १२०, म्हणजे १४,४००. म्हणून चार वर्षं काही झालं नाही. आम्ही वेग वाढवायला जे केलं त्यानेच वेग मेला.

टाइम-वेटचा काळ १२० वरून ३० करायचा असा एक प्रस्ताव आला. गणितात बसतं, १९,२०० वर येतं. पण समोरच्या सर्व्हरच्या बाजूला जुनं कनेक्शन मिटलेलं नसताना तोच पोर्ट परत वापरला तर विचित्र प्रकार होतात, कधी रीसेट येतं, कधी नुसतं लटकतं, आणि ते शोधायला अजून एक सकाळ जाते. त्या दिवशी नको म्हटलं. त्याऐवजी वर्कर ४ वर आणून बांधून टाकले. सेकंदाला १६० मेसेज. पगाराच्या दिवसाचे दोन्ही मिळून ३,८०,००० मेसेज, म्हणजे चाळीस मिनिटं. क्लायंटला फोन करून सरळ विचारलं, "दादा, मेसेज चाळीस मिनिटं उशिरा गेला तर चालेल का?" ते म्हणाले, "अहो मेसेज दुपारी गेला तरी चालेल, पगार गेला पाहिजे." हा प्रश्न आदल्या आठवड्यात विचारला असता तर हे प्रकरण लिहायची वेळच आली नसती.

साडेअकरापर्यंत सगळ्या बॅचेस गेल्या, मेसेज बारा-सव्वाबाराला संपले.

नंतरचे तीन आठवडे

दिवाळी झाली की शांतपणे बसलो. पहिलं काम, नॅटमधून नक्की काय काय जातंय ते बघणं. आमचा अंदाज होता एसएमएस आणि बँक. बाइट्सच्या हिशोबात निघालं की सगळ्यात मोठा वाटा एस३चा, म्हणजे एडब्ल्यूएसच्या फाइल साठवणीचा, आहे! बिलांच्या पीडीएफ, डेटाबेसचे बॅकअप, लॉग, सगळं नॅटमधून एस३ला जात होतं. इथटूल या लिनक्सच्या टूलने नेटवर्क कार्डाचे आकडे काढले तर बाहेर जाणाऱ्या बँडविड्थची मर्यादा ओलांडल्याचा काउंटर मोठा झालेला. टी३ मीडियमवर लिहिलेलं असतं ५ गिगाबिटपर्यंत, पण "पर्यंत" हा शब्द नीट वाचायचा असतो. कायमची मिळणारी बेसलाइन ०.२५६ गिगाबिटच आहे, त्यावरचं क्रेडिट (न वापरलेल्या क्षमतेची शिल्लक) असेतोवर. पगाराच्या सकाळी पीडीएफने ते क्रेडिट खाऊन टाकलं असणार, आणि उत्तर न मिळालेली ती एक बॅच बहुतेक याचीच शिकार.

एस३साठी गेटवे एंडपॉइंट लावला. फुकट आहे, राउट टेबलमध्ये (कुठला ट्रॅफिक कुठल्या रस्त्याने जाणार त्याची यादी) एक नोंद पडते आणि एस३चा ट्रॅफिक नॅटकडे फिरकतच नाही. फक्त लावताना चालू असलेले अपलोड तुटू शकतात, म्हणून रात्री बॅकअप संपल्यावर लावला. दहा मिनिटांचं काम, चार वर्षं राहिलेलं.

दुसरं, वर्करच्या कोडमध्ये कीप-अलाइव्ह. थ्रेडने एकदा कनेक्शन उघडायचं आणि त्यावरूनच मेसेज पाठवत राहायचं. दर वेळचा टीएलएस हँडशेक (सुरक्षित कनेक्शनची सुरुवातीची देवाणघेवाण) वाचला म्हणून मेसेज पण लवकर जायला लागले, आणि हजारोंची कनेक्शनं शंभराच्या घरात आली. एक गोष्ट कळली की रांग रिकामी असताना कनेक्शन नुसतं पडून राहिलं तर मधला कोणीतरी ते गुपचूप मारतो, मॅनेज्ड नॅट गेटवे ३५० सेकंदांनी मारतो, म्हणून आपणच ६० सेकंद रिकामं गेलं की बंद करायचं ठरवलं.

तिसरं, रस्ते वेगळे केले. यावर खूप चर्चा झाली. सगळं नवीन नॅट गेटवेवर न्यायचं का? बँकेला आयपी बदलायचा म्हटला तर लेटरहेडवर पत्र, सही-शिक्का, आणि मग वाट बघा. एसएमएसवाल्यांच्या पॅनेलवर तोच बदल पाच मिनिटांत होतो. म्हणून उलटं केलं. जुना व्हीएम आणि जुना आयपी बँकेसाठी तसाच ठेवला आणि गर्दी करणारे मेसेज वर्कर वेगळ्या सबनेटमध्ये हलवले, त्या सबनेटला स्वतःचं राउट टेबल आणि त्यात बाहेरचा रस्ता नवीन नॅट गेटवेकडे. एसएमएसवाल्यांच्या आयपीसाठी वेगळी राउट नोंद टाकूया असं एक मत होतं, ते नाकारलं, कारण त्यांचा आयपी कधी बदलेल ते आपल्या हातात नाही, आपले वर्कर कुठे राहतात ते आपल्या हातात आहे. एस३ निघून गेल्यामुळे गेटवेचं दर जीबीचं बिल पण किरकोळ येतं, मेसेजमध्ये असतो किती डेटा.

चौथं, बँकेच्या नॅटला जोडीदार. दुसऱ्या अव्हेलेबिलिटी झोनमध्ये (त्याच रिजनमधल्या वेगळ्या डेटा सेंटरमध्ये) तसाच एक व्हीएम, आणि पहिला मेला की इलॅस्टिक आयपी आणि राउट दुसऱ्याकडे वळवणारी स्क्रिप्ट. कनेक्शनांची वही इकडून तिकडे जात नाही, म्हणजे चालू कनेक्शनं तुटणार. बँकेच्या कॉल छोट्या असतात आणि रीट्राय आता स्टेटस तपासूनच होतो, म्हणून ते चालवून घेतलं.

मंगळवारी दुपारी तीनला ड्रिल केली, क्लायंटला सांगून. पहिला व्हीएम बंद, आयपी हलला, राउट हलला, आणि बाहेर काहीच जाईना. पंधरा मिनिटं डोकं खाजवलं. नवीन व्हीएमवर सोर्स-डेस्टिनेशन चेक बंद करायचा राहिला होता. एडब्ल्यूएसचा व्हीएम मुळात स्वतःच्या पत्त्याचा नसलेला पॅकेट घेत नाही, नॅटसाठी ते मुद्दाम बंद करावं लागतं. ड्रिल केली नसती तर हे पुढच्या पगाराच्या दिवशी कळलं असतं.

आता काय स्थिती

त्यानंतर पगाराचे बरेच दिवस गेले. वर्कर आता जास्तीत जास्त ८, मेसेज वीस मिनिटांच्या आत संपतात. बँकेच्या नॅटवर कॉनट्रॅकच्या नोंदी काही शेकड्यांत असतात, ७० टक्क्यांवर अलार्म आहे, बँडविड्थ ओलांडल्याच्या काउंटरवर पण आहे. गेटवेवर पोर्ट न मिळाल्याचा जो मेट्रिक येतो त्यावर शून्याच्या वर गेला की लगेच फोन वाजतो. अजून वाजलेला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

वर्करची मर्यादा वाढवायच्या दिवशी एकदा तरी विचारायला हवं होतं की हे सोळा जण कुठल्या दारातून जाणार. कागदावर दोन ओळींचं गणित होतं. आम्ही डेटाबेसवर किती लोड येईल ते मोजलं होतं, नॅट कोणाच्या डोक्यातच नव्हता, कारण तो आमच्या आर्किटेक्चरच्या चित्रात एक छोटासा गोल होता.

ग्राफ बघताना सीपीयू सोडून बाकी काही लावलंच नव्हतं हे तर अक्षम्य. नॅट करणाऱ्या मशीनला सीपीयू शेवटी लागतो, आधी नोंदी, पोर्ट, पॅकेट आणि बँडविड्थ संपतात.

रीट्रायमध्ये थांबा नव्हता. फेल झाला की लगेच परत. पहिल्या प्रयत्नाला दोन सेकंद, मग चार, मग आठ असं थांबलं असतं तर कदाचित ती साखळी तिथेच मोडली असती. हे आता घातलंय.

आणि आर्किटेक्ट साहेबांच्या बाजूने पण बोललं पाहिजे. त्या सकाळी नॅट गेटवे लावायला मी नाही म्हटलं ते त्या सकाळपुरतं बरोबर होतं असं मला अजून वाटतं, पण वर्षभर आधी ते हेच सांगत होते आणि मी बिल दाखवून टाळत होतो. तेव्हा शांतपणे केलं असतं तर एस३चा गोंधळ पण तेव्हाच दिसला असता, कारण दर जीबीचं बिल आलं की क्लायंटच्या अकाउंट्सवाल्या मॅडमनीच पहिल्या महिन्यात विचारलं असतं, हे एवढं कशाचं.

जुना नॅट व्हीएम अजून चालू आहे. बँकेला नवीन आयपीचं पत्र दिलंय, दोन वेळा आठवण केलीय.